विंचेस्टर ९४ ची हरवलेली साइट: गॅरेजमधल्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

शेजारच्या आजोबांची रायफल आज पहिल्यांदा नीट हातात घेऊन पाहिली. विंचेस्टर मॉडेल ९४, थर्टी-थर्टी काडतुसाची, वीस इंची नळी. त्यांच्या वडिलांची. मिशिगनमध्ये हरणांचा रायफल सीझन १५ नोव्हेंबरला उघडतो, वार कुठलाही असो. गेल्या वर्षी त्या दिवशी समोर उभं असलेलं हरीण आजोबांनी सोडून दिलं. नळीवरची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्यांना दिसेचना. ‘बकहॉर्न’ म्हणतात तिला: मधे खाच आणि दोन्ही बाजूंना बैलाच्या शिंगांसारखी आत वळलेली पानं. वय ७६. ती शिंगं आता त्यांना नुसती धुक्यात दिसतात.

या रायफलीवर पूर्वी रिसिव्हरवर, म्हणजे नळीमागच्या पोलादी खोक्यावर, बसणारी भोकाची साइट, म्हणजे पीप, होती. डोळ्याजवळच्या भोकातून नुसतं आरपार बघायचं आणि नळीच्या टोकावरची माशी निशाणावर ठेवायची. भोक धूसर दिसलं तरी चालतं, डोळा आपोआप मध्यावर येतो. ती वडिलांनी बसवली होती आणि १९७१ मध्ये आजोबांनीच काढून टाकली, कारण तेव्हा त्यांना स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, हवा होता. काढलेली साइट कुठे ठेवली ते आठवत नाही. कुठल्या कंपनीची होती तेही नाही. पण हवी आहे तीच.

“कुठलीही पीप नको पोरी, बाबांची होती तशी दे.”

आधीच सांगते, मी गनस्मिथ नाही. भोसरीला टूलरूममध्ये नऊ वर्षं काढली, आता इथे गाड्यांच्या कारखान्यासाठी फिक्स्चर, म्हणजे भाग धरून ठेवायचे साचे, काढते. बंदुकीशी ओळख एनसीसीतल्या .२२ रायफलीपुरती. आणि आजोळी राजापूरकडे माजघराच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक असायची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा.

रायफल आजोबांच्याच तिजोरीत राहील आणि काम त्यांच्याच गॅरेजमध्ये होईल. दर वेळी ती ते स्वतः रिकामी करतात, लिव्हर उघडी ठेवून माझ्याकडे देतात, आणि मी पुन्हा बघते. काडतुसं त्या खोलीत ठेवायची नाहीत. एवढं पहिल्याच दिवशी ठरलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसनंतर तासभर. आधी वय काढलं. रिसिव्हरच्या खाली, पुढच्या बाजूला नंबर आहे, अठरा लाखांच्या घरातला. सालांचे तक्ते मिळतात, पण त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा सोपी खूण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. दहा लाखावी ९४ कूलिज यांना १९२७ मध्ये दिली, पंधरा लाखावी ट्रुमन यांना १९४८ मध्ये आणि वीस लाखावी आयझेनहॉवर यांना १९५३ मध्ये. आमची मधली, म्हणजे १९४८ ते ५३. याहून बारीक साल मला नकोच होतं. १९६४ मध्ये कारखान्याने आतले भाग स्वस्त केले, त्याच्या आधीची आहे एवढं पुरे.

मग डावी बाजू. इथे कपाळाला हात लावला. एकूण पाच भोकं! तीन बुजवणीच्या स्क्रूंनी भरलेली, दोन उघडी, त्यात पन्नासेक वर्षांचा मळ. जुन्या ९४ ची रिकामी पुंगळी वरून बाहेर उडते, त्यामुळे स्कोप डोक्यावर बसवता येत नाही. १९७१ चा स्कोप बाजूला माउंट लावून बसवला होता. म्हणजे पाचातली काही भोकं माउंटची आणि काही साइटची. कुठली कुणाची ते आजोबांना आठवत नाही. कुणी पाडली? “गावातल्या एका माणसाने.” बरं.

फोटो काढले, व्हर्नियरने सगळी अंतरं मोजून वहीत लिहिली. ही वही पुढे उपयोगी पडली. पण त्या दिवशीच ती उघडून बसले असते तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

२० सप्टेंबर, शनिवार

चूक क्रमांक एक.

विचार असा केला: माणूस मिशिगनचा, मिशिगनमध्येच डेव्हिसनला विल्यम्सचा साइटचा कारखाना, आजोबांचं लहानपणचं गाव तिथून तासाभरावर. तेव्हा साइट विल्यम्सचीच असणार. विल्यम्सची ‘फूलप्रूफ’ अजूनही बनते, एफपी-९४/३६ या नावाने, आणि तीच विंचेस्टर ९४ लाही बसते, मार्लिन ३३६ लाही. नवी मागवून टाकली. आजोबांना विचारलंही नाही, सरप्राइज म्हणून. सरप्राइज मलाच मिळालं.

२७ सप्टेंबर, शनिवार

एफपी आली. हलकी, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, काम सुबक. पाचातल्या दोन भोकांवर बरोब्बर बसली. मी खूश. आजोबांनी रायफल खांद्याला लावली, भोकातून पाहिलं, खाली ठेवली.

“ही नाही. बाबांच्या साइटला बटणं होती. मी लहानपणी फिरवायचो आणि मार खायचो.”

बटणं म्हणजे फिरवायच्या चकत्या. साध्या फूलप्रूफवर त्या नसतात, स्क्रू ड्रायव्हरने सैल करून सरकवावं लागतं. चकत्यांची आवृत्तीही मिळते, म्हणून मी लगेच म्हटलं, मग तीच असेल. त्यावर आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी रायफल खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि बोटाने दाखवलं.

हे मी १६ तारखेलाच बघायला हवं होतं. ९४ हातात धरून चालताना पंजा बरोबर रिसिव्हरखाली येतो. घामाने आणि घर्षणाने तिथलं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर लेप, उडून धातू राखाडी होतो. पण जिथे काही बसवलेलं असतं तिथे हात लागत नाही, तिथे निळा रंग टिकतो. डाव्या बाजूला असे दोन निळे छाप आहेत, एकावर एक चढलेले. मोठा आणि गडद छाप स्कोपच्या माउंटचा. त्याच्या मागच्या टोकाशी, अर्धवट झाकलेला दुसरा, फिकट, सरळ कडांचा. एफपीचा पाया त्यावर धरला तर एका बाजूने निळी पट्टी उघडी राहते आणि दुसऱ्या बाजूने पाया घासलेल्या राखाडी भागावर चढतो. भोकं जुळली, छाप जुळला नाही.

एफपी परत पाठवली. परतीचा खर्च आणि कपात मिळून १४ डॉलर गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

छापाचा नकाशा काढला. पद्धत सांगते, कुणाला लागेल. रिसिव्हर आयसोप्रोपिलने पुसायचा. चकाकणार नाही असा उजेड अगदी तिरका पाडायचा. मी खिडकी बंद करून मोबाइलचा टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरला. पारदर्शक चिकटपट्टी लावून तिच्यावर बारीक पेनाने कड गिरवायची, भोकांचे मध्यबिंदूही त्याच पट्टीवर. मग पट्टी उचलून ग्राफ पेपरवर. पहिल्या पट्टीवर माझा अंगठा फिरून शाई पुसली गेली, दुसरी नीट आली.

निष्कर्ष: फिकट छापाच्या आत दोनच भोकं येतात. तीच दोन, ज्यांवर एफपी बसली होती. उरलेली तीन माउंटची.

आजोबांनी वरच्या माळ्यावरून एक तंबाखूचा डबा आणला. आत दोन गोष्टी. एक, मधे भोक असलेली बारीक चकती, मागे आटे असलेली. हीच त्या साइटची ॲपर्चर! मी व्हर्नियर घेऊन धावले. बाहेरचा व्यास ७/३२ इंच, इंचाला ४० आटे. आणि उत्साह तिथेच ओसरला, कारण लायमन, रेडफिल्ड, विल्यम्स या तिन्ही साइट कंपन्यांच्या भोकाच्या चकत्यांना हाच आटा. ही चकती तिघांपैकी कुणाच्याही साइटमध्ये बसेल. पुरावा म्हणून शून्य.

दुसरी गोष्ट फोटो. मागे पेन्सिलीने १९५४. बर्फात वडील, गाडीच्या बॉनेटवर हरीण, हातात ही रायफल, डावी बाजू कॅमेऱ्याकडे. माझ्या लेकीने १२०० डीपीआयवर स्कॅन करून दिला. मोठा केल्यावर दिसतं: रिसिव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर एक उभा दांडा, वर गोल चकती, आणि पलीकडच्या बाजूने डोकावणारी आणखी एक. विल्यम्सची साधी फूलप्रूफ बाद. विल्यम्सचीच ‘फाइव्ह-डी’ नावाची स्वस्त साइट असते, तिलाही चकत्या नसतात, तीही बाद. उरले लायमन आणि रेडफिल्ड.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

काम नाही. काल खंडेनवमीला व्हर्नियर, मायक्रोमीटर, आटे पाडायच्या टॅपचा सेट आणि स्वयंपाकघरातली विळी पाटावर मांडून पूजा केली होती. आजोबा पुरणपोळी न्यायला आले आणि पाटाकडे बघत राहिले. सांगितलं, वर्षातून एक दिवस हत्यारांना काम सांगायचं नाही, त्यांना हळदकुंकू लावायचं. ते गेले आणि दहा मिनिटांनी वडिलांची तेलाची छोटी पिचकारी घेऊन परत आले. हीपण ठेव म्हणाले. ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

चूक क्रमांक दोन, आणि ही जास्त महाग.

आठवडाभर रात्री जुने कॅटलॉग वाचले. लायमनच्या ५७ आणि ६६ या दोन साइट वरवर सारख्या दिसतात. ५७ गोल रिसिव्हरच्या बोल्ट रायफलींसाठी, ६६ सपाट बाजू असलेल्या रिसिव्हरसाठी. ९४ च्या बाजू सपाट, म्हणजे ६६. उजव्या बाजूला डावं-उजवं करायची चकती, दांड्यावर वरखाली करायची. दोन्ही पाव मिनिटाच्या क्लिकने फिरतात. मिनिट म्हणजे कोनाचं, अंशाचा साठावा भाग. फोटोशी जुळतंय.

इथवर ठीक. मग एका ऑनलाइन लिलावात ‘लायमन ६६, जुनी, पोलादी’ असं दिसलं आणि ६५ डॉलरला घेतली. आज आली. पुढचं भोक जुळलं. मागचं जवळजवळ अर्ध्या भोकाने बाहेर.

६६ हे एकच मॉडेल नव्हे, ते घराणं आहे. आकड्यापुढे अक्षर असतं आणि ते अक्षर सांगतं की पाया कुठल्या बंदुकीसाठी कापलेला आहे. विंचेस्टर ९४ साठी ६६ए. मला आलेल्या पायावर अक्षराच्या जागी कुणीतरी कानस मारलेली आहे, का ते देव जाणे. विक्रेत्याचं म्हणणं, मी ‘६६’ लिहिलं होतं आणि ६६ च दिली. खरं आहे त्याचं. फोटोत अक्षर दिसत नव्हतं तेव्हा मीच विचारायला हवं होतं.

मागचं भोक कानशीने लांबट करून बसवता आलं असतं. हात शिवशिवत होते. पण मग पायाची कड छापाच्या बाहेर गेली असती, आणि छाप हाच तर आमचा एकमेव साक्षीदार.

११ ऑक्टोबर, शनिवार

गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार. दोन तास वाळवलेलं मांस आणि चाकूंच्या टेबलांमधून फिरले. शेवटच्या रांगेत एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे शूजच्या खोक्यात नुसत्या साइट होत्या, गुंडाळलेल्या, बिनगुंडाळलेल्या, अर्ध्या. मी ग्राफ पेपरवरची चिकटपट्टी काढली आणि एकेक पाया त्यावर ठेवत गेले. तो आधी हसला, मग खुर्ची ओढून स्वतःच पाये काढून देऊ लागला.

त्याच्याकडून एक गोष्ट कळली जी मी वाचलेल्या कॅटलॉगांत नव्हती: साइटचा सरकता भाग आणि पाया वेगवेगळ्या साइटमधून आलेले असू शकतात. ६६ चा सरकता भाग बटण दाबून पूर्ण बाहेर येतो, त्यामुळे सत्तर वर्षांत लोकांनी अदलाबदल केलेली असते. घेण्याआधी तो काढून, घालून, खालपासून वरपर्यंत चालवून बघायचा. मधेच अडला किंवा खुळखुळला तर तो त्या पायाचा नाही.

रेडफिल्डच्या दोन होत्या. एकीचा पाया छापावर ठेवला, पुढचा कोपरा जुळला नाही. मग पोलादी, अक्षर स्पष्ट: ६६ए. पट्टीवर ठेवली. चारी कडा रेषेत. मागच्या बाजूला छाप किंचित फुगलेला आहे असं मला वाटत होतं. मी ती माझ्या हाताची चूक समजत होते. पायाला तिथे खरंच तेवढा फुगवटा आहे.

१२० डॉलर. घासाघीस केली नाही, चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असणार. चकत्या नाण्याने फिरवायच्या खाचेच्या प्रकारच्या आहेत, फोटोतल्या मोठ्या चकत्यांपेक्षा बसक्या. दोन्ही प्रकार त्याच साइटवर मिळायचे. आजोबांना विचारलं, चालेल का? “चालेल. आता फिरवायला कुणी लहान मूलही नाही.”

१२ ऑक्टोबर, रविवार

चूक क्रमांक तीन. ही लिहायची लाज वाटते.

साइटसोबत स्क्रू नव्हते. जुन्या अमेरिकन साइटचे स्क्रू ६-४८ चे: व्यास ०.१३८ इंच, इंचाला ४८ आटे. माझ्या डब्यात एम ३.५ चे स्क्रू होते. व्यास ३.५ मिमी, म्हणजे ०.१३७८ इंच. मेट्रिकमध्ये वाढलेला माझा मेंदू म्हणाला, जवळजवळ तेच. दोन आटे गोड गेला, तिसऱ्याला जड झाला, आणि मी पाव फेरा आणखी दिला.

व्यास तोच असला तरी एम ३.५ चा आटा ०.६ मिमीचा आणि ६-४८ चा ०.५३ मिमीच्या आसपासचा. दोन आट्यांपर्यंत फरक लपतो, मग एकमेकांवर चढतात. उलटा फिरवून काढला तेव्हा टोकाला चकाकणारा बारीक काप आला. पंचाहत्तर वर्षांच्या पोलादाचा. टूलरूममध्ये कुणी शिकाऊ मुलाने हे केलं असतं तर मी त्याला दिवसभर आटे मोजायला बसवलं असतं.

आजोबांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, १९७१ मध्ये मी तीन भोकं पाडून घेतली, तुझं काय घेऊन बसलीस.

६-४८ चा टॅप आणि हँडल १६ डॉलर, बुजवणीच्या स्क्रूंसह साइटच्या स्क्रूंचं पाकीट ९ डॉलर. मागवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

टॅप आला. भोकात कापणीचं तेल, टॅप हाताने सरळ उभा धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. नवे आटे पाडायचे नव्हते, बिघडलेले फक्त सरळ करायचे होते, त्यामुळे जिथे जोर लागला तिथे थांबले. मळाचा काळा लगदा निघाला, त्यात लाकडाचा भुसासुद्धा. दोन आटे बिघडले होते ते सावरले, बाकीचे शाबूत.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल एक ओळ: नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं निमुळतं असतं, ते खाचेच्या वरच्या कडेवरच जोर देतं आणि कड फाटते. समांतर पात्याचा, खाचेत तळापर्यंत घट्ट बसणारा वापरा. आजोबांकडे वडिलांचे दोन होते.

साइट बसली. छाप पूर्ण झाकला गेला, निळी रेघही बाहेर नाही. दोघेही एक मिनिट काही बोललो नाही.

मग आजोबांनी लिव्हर मारली आणि ती मधेच जड झाली.

बोल्ट, म्हणजे लिव्हरबरोबर मागेपुढे सरकणारा भाग, पाहिला. डाव्या बाजूला नवीन चकचकीत ओरखडा, केसाएवढा. पुढचा स्क्रू रिसिव्हरच्या भिंतीतून आत डोकावत होता. पाकिटातले स्क्रू एका ठरावीक लांबीचे येतात, भिंत किती जाड ते त्यांना कुठे ठाऊक. स्क्रू काढला, दोन नट त्यावर चढवून धरला, टोक कानसलं. एकदा ०.३ मिमी, बसवून बघितला, तरी घासतोय. आणखी ०.२. आता लिव्हर लोण्यासारखी. कानसल्यावर नट उलटा फिरवून बाहेर काढायचा, म्हणजे टोकाचा आटा आपोआप साफ होतो.

उरलेल्या तीन भोकांत बुजवणीचे नवे स्क्रू घातले. जुन्यांच्या खाचा फाटल्या होत्या.

नळीवरची बकहॉर्न काढायची होती, नाहीतर भोकातून बघताना ती मधे येते. डोव्हटेलमधल्या, म्हणजे तिरक्या कडांच्या आडव्या खाचेतल्या, साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढायच्या आणि उजवीकडूनच परत घालायच्या. पितळी पंच, नळी मऊ जबड्यांच्या शिकंजात, बाजूने मास्किंग टेप. पाच ठोक्यांत निघाली. रिकाम्या खाचेत झाकणपट्टी घातली, १२ डॉलर. बकहॉर्न तंबाखूच्या डब्यात.

१९ ऑक्टोबर, रविवार

पॉन्टिएक लेकची सरकारी रेंज. ५० यार्डांवर. आजोबांनी बाकावर वाळूची पिशवी ठेवून गोळ्या मारल्या, मी दुर्बिणीतून बघत होते.

पहिल्या तीन गोळ्या एकत्र, जेमतेम दोन इंचांत. आजोबांचे डोळे भरून आले, मला वाटतं, पण ते बंदुकीच्या दारूच्या धुराला दोष देत होते. फक्त त्या तिन्ही सहा इंच वर आणि दोन इंच डावीकडे होत्या.

डावं-उजवं सोपं. पाव मिनिटाची क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, ५० वर त्याच्या निम्मी. दोन इंचांना सोळा क्लिक उजवीकडे. पुढच्या तीन मधोमध.

वरखाली मात्र जमेना. साइट आधीच तळाला टेकलेली होती, आणखी खाली जायला जागा नाही. रिसिव्हरची साइट नळीवरच्या साइटपेक्षा उंच बसते आणि माशी तीच जुनी राहिली, म्हणून गोळी वर जाते. हे ठाऊक असूनही मी माशीची उंची आधी मोजली नव्हती. आज वीस काडतुसांचा खोका संपला, ३५ डॉलर.

घरी हिशोब. माशी ते भोक अंतर २६ इंच. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. चूक ६ इंच. ६ गुणिले २६ भागिले १८००, म्हणजे ०.०८७ इंच. माशी एवढी उंच हवी. आहे ती खाचेच्या तळापासून ०.३१० भरली. म्हणजे ०.४०० च्या आसपासची शोधायची, आणि थोडी जास्तच घ्यायची, कारण साइट तळाला चिकटलेली ठेवण्यापेक्षा खाली काही क्लिक शिल्लक राहिलेल्या बऱ्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत काही झालं नाही. चकल्या बिघडल्या, तो वेगळा प्रकल्प.

१ नोव्हेंबर, शनिवार

०.४१० ची, पितळी मण्याची माशी आली, २४ डॉलर. जुनी निघता निघेना. नळीच्या टोकाकडच्या उंचवट्यातल्या खाचेत ती गंजाने धरली होती. दोन रात्री गंज सोडवणारं तेल सोडत राहिले. निघाली तेव्हा खाली तपकिरी पूड.

नवी खाचेत सैल. आजोबा म्हणाले, खाचेला पंचाचे ठिपके मार. मी नको म्हटलं, ठिपके नळीवर कायमचे राहतात. माशीच्याच बुडाला तीन बारीक ठिपके मारले, आता घट्ट बसली. बिघडली तर २४ डॉलरची वस्तू बिघडेल.

आणखी एक गोष्ट, आधी लक्षातच आली नव्हती. या ९४ च्या माशीवर पत्र्याचं अर्धगोल झाकण असतं, हूड म्हणतात. उंच माशी त्याखाली मावत नाही, झाकण मण्यावर अडतं. वडिलांच्या फोटोत पाहिलं, तिथेही हूड नाही. म्हणजे त्यांनाही बहुधा हेच करावं लागलं होतं. फोटो इतक्यांदा बघितला, पण नजर सारखी मागच्या टोकावर.

८ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा रेंज. थंडी कडाक्याची, वारा डावीकडून. हिशोबाप्रमाणे आता गोळी ०.९ इंच खाली लागायला हवी होती. लागली एक इंच खाली, वाऱ्याचं आणि माझ्या व्हर्नियरचं मिळून. आठ क्लिक वर. मग १०० यार्ड. डब्यातली बारीक चकती लावून पाच गोळ्या, सगळ्या माझ्या पंजाखाली झाकतील एवढ्यात. जंगलात आजोबा चकती काढूनच ठेवणार. मग उरतं नुसतं मोठं भोक, त्यातून पहाटेच्या अंधुक उजेडातही माशी सापडते. तेही तपासलं, गोळी जागेवरच जाते, पसारा थोडा वाढतो.

सगळं ठरल्यावर फिरवायच्या चकत्यांच्या जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खुणावल्या. लेकीचं नेलपॉलिश, जांभळं. आजोबांना आवडलं नाही. लाल आणून देते म्हटलं तर नको, राहू दे म्हणाले.

खर्च: एफपी परतीत १४, चुकीची ६६ साठी ६५, ६६ए १२०, टॅप १६, स्क्रू ९, झाकणपट्टी १२, माशी २४. एकूण २६० डॉलर, शिवाय काडतुसांचे दोन खोके ७०. चुकीची ६६ मी पुन्हा लिलावात टाकली, पायाचा उलटसुलट फोटो, भोकांची अंतरं आणि कानसलेल्या अक्षराचा जवळून फोटो देऊन. ४० ला गेली. वेळ आठ आठवडे. छाप पहिल्याच दिवशी गिरवला असता तर तीन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजोबा उद्या सकाळी ग्रेलिंगच्या बाजूला निघतात. आज त्यांनी पायाचे दोन्ही स्क्रू स्वतः एकदा आवळून बघितले. मागचा अगदी जरासा फिरला. रेंजवरच्या धक्क्यांनी सैल झाला असणार. काढून, आटे पुसून, निळ्या लॉकटाइटचा एक थेंब लावून परत बसवला. लाल लावू नका, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही, आणि ब्लूइंगजवळ गरम करायची वेळ कुणावर येऊ नये.

तंबाखूचा डबा त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिला आहे. आत बकहॉर्न, हूड, जुनी माशी, फाटलेल्या खाचांचे तीन स्क्रू आणि माझा एम ३.५.